ई-रीडरवर कादंबऱ्यांचे एक वर्ष

ई-रीडरची परीक्षणे बहुधा तो हाती आल्यापासून आठवड्याभरात लिहिली जातात आणि त्यांत बॅटरी, साठवणक्षमता, पाण्यात पडला तर काय होते, असल्या गोष्टींचा हिशेब असतो. कादंबरी वाचताना हे यंत्र कसे वागते, हा प्रश्न त्यांत क्वचितच येतो, कारण त्याचे उत्तर मिळायला कादंबऱ्या वाचून व्हाव्या लागतात. गेले वर्षभर मी कादंबऱ्या आणि थोड्याफार कथा जवळजवळ सर्वस्वी एका सहा इंची ई-रीडरवर वाचल्या. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. बाजारातल्या बहुतेक ई-रीडरांचा पडदा एकाच जातीचा असतो आणि पुढे जे गुणदोष येतील, ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू पडतात. वर्षाअखेरीस माझे मत असे झाले आहे की हे पुढे वाचत जाण्याचे यंत्र आहे, मागे वळून पाहण्याचे नाही. कादंबऱ्यांतही काही ओढून पुढे नेणाऱ्या असतात, तर काही पावलोपावली मागे पाहायला लावणाऱ्या. त्यामुळे यंत्र चांगले की वाईट याचा निकाल तुम्ही त्यावर काय वाचायला घेता यावर लागतो.

पडद्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याची स्तुती पुष्कळ झालेली आहे आणि ती बव्हंशी खरी आहे. या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात, त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे आणि पांढरे कण असतात आणि विद्युतदाबाच्या दिशेप्रमाणे यांतले काळे किंवा पांढरे वर येतात. एकदा वर आलेले कण तिथेच राहत असल्यामुळे पान स्थिर असताना पडद्याला वीज लागत नाही. ती लागते पान उलटताना. अक्षर दिसते ते त्यावर पडलेल्या उजेडात, कागदावर दिसते तसेच, आणि अंधारात वाचण्यासाठी जो दिवा असतो तो पडद्याच्या मागे नसून कडेला असतो व त्याचा प्रकाश पडद्यावरून पसरतो. इंचाला ३०० ठिपके म्हणजे छपाईच्या जवळ जाणारी सुबकता झाली. मात्र राखाडीच्या छटा फक्त १६, आणि काही पाने उलटल्यावर आधीच्या मजकुराची पुसट सावली मागे राहते, ती घालवण्यासाठी पडदा मधूनच एकदा काळा होऊन उजळतो. नव्या माणसाला हा झटका खटकतो. चार दिवसांत तो जाणवेनासा होतो.

टॉलस्टॉयची ‘वॉर अँड पीस’ हे या वर्षातले सर्वांत मोठे वाचन, आणि ई-रीडरने आपली किंमत सर्वांत जास्त वसूल करून दिली तीही इथेच. चार खंड, दोन भागांचा उपसंहार आणि एकूण ३६१ प्रकरणे असलेली ही कादंबरी छापील रूपात एक तर दोन्ही हातांनी पेलावी लागते, नाहीतर टेबलावर ठेवून तिच्यापुढे परीक्षेला बसल्यासारखे बसावे लागते. यंत्रावर तिचे वजन इतर कोणत्याही पुस्तकाइतकेच होते, ही गोष्ट ऐकायला क्षुल्लक वाटते. पण रांगेत, प्रवासात, झोपण्यापूर्वी कूस बदलून एका हाताने वाचता आल्यामुळे कादंबरीचा बांधा वेगळाच दिसू लागला. ही प्रकरणे मुळात आखूड आहेत. बरीचशी एका बैठकीत दोन-तीन सहज संपतात. तिचा सुरुवातीचा भाग १८६५-६६ मध्ये ‘१८०५’ या नावाने एका रशियन नियतकालिकातून आला होता आणि संपूर्ण ग्रंथ १८६९ साली पुरा झाला, हे लक्षात घेतले की त्या आखूडपणाचे नवल वाटत नाही. जाडजूड ग्रंथाच्या धाकामुळे ही कादंबरी अवघड समजली जाते; धाक काढून घेतल्यावर मेजवान्या, शिकारी, पत्ते, लग्ने आणि लढाया यांनी भरलेली ती अतिशय वाचनीय गोष्ट उरते. उपसंहाराच्या दुसऱ्या भागातले इतिहासाचे तत्त्वज्ञान मात्र कागदावर जितके कंटाळवाणे होते तितकेच पडद्यावरही आहे.

या कादंबरीच्या निमित्ताने आवृत्तीचा प्रश्न आला आणि तो ई-रीडर घेणाऱ्या प्रत्येकाला येणार आहे. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके फुकट मिळतात, हे या यंत्राचे मोठे आकर्षण. ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ हा असा पहिला उपक्रम १९७१ पासून चालू आहे. पण अनुवादित कादंबरीच्या बाबतीत फुकट याचा अर्थ जुना अनुवाद. ‘वॉर अँड पीस’चा फुकट मिळणारा इंग्रजी अनुवाद लुईस आणि एल्मर मॉड या दांपत्याचा, १९२२-२३ सालचा, तो आजही डौलदार वाटतो, पण मूळ रशियन ग्रंथात उमराव मंडळी जी पानेच्या पाने फ्रेंच बोलतात, ती त्यात बहुतांशी इंग्रजीच बोलतात. अॅना पाव्हलोव्हनाच्या घरच्या मेजवानीने कादंबरी सुरू होते, आणि ती सुरूच फ्रेंचमध्ये होते, नेपोलियनला शिव्या घालणारे लोक नेपोलियनच्याच भाषेत त्या घालत असतात, हा सगळा उपरोध त्यात सपाट होतो. खुद्द टॉलस्टॉयने १८७३ च्या आवृत्तीत फ्रेंच काढून तिथे रशियन घातले होते हे खरे, पण पुढच्या काळात ते फ्रेंच पुन्हा आपल्या जागी आले. पीव्हिअर आणि व्होलोखोन्स्की यांच्या २००७ च्या अनुवादात फ्रेंच तसेच ठेवून अर्थ तळटिपांत दिला आहे, आणि तळटिपा हे ई-रीडरचे बलस्थान आहे: आकड्यावर बोट टेकवले की पानाच्या खालच्या बाजूला छोटी चौकट उघडते, अर्थ वाचून चौकट मिटली की डोळा त्याच ओळीवर असतो. छापील प्रतीत पानाच्या तळाशी बारीक टाइपात जाऊन परत यायला जो वेळ लागतो, त्याच्या निम्म्यात हे होते. तेव्हा फुकटची प्रत घेण्याआधी ती कोणी आणि केव्हा केलेली आहे हे पाहावे. पैसे वाचतात ते कादंबरीच्या खर्चाने वाचत नाहीत ना, याची खात्री करून घ्यावी.

शोधाच्या सोयीचे मात्र उलटे आहे. रशियन कादंबरीतली नावे, वडिलांची नावे आणि लाडाची नावे यांत हरवलेला वाचक शोधाच्या खिडकीत एखादे नाव टाकतो, ‘हा कोण बरे’ एवढेच त्याला हवे असते. यंत्र त्या नावाच्या सगळ्या ओळी आरंभापासून शेवटापर्यंत ओळीने मांडते. म्हणजे पहिल्या खंडाच्या शेवटी ऑस्टरलिट्झच्या मैदानावर आकाशाकडे पाहत पडलेला आंद्रेई जगला की गेला, हे आपण त्या प्रसंगाशी पोचण्याआधीच शोधयादीतून कळून चुकते, कारण त्याच्या नावाच्या ओळी पुढेही भरपूर दिसत राहतात. मागचेच तेवढे शोधावे, पुढचे झाकून ठेवावे, एवढी साधी सोय यंत्र बनवणाऱ्यांना सुचू नये याचे आश्चर्य वाटते. माझ्या यंत्रावर तरी ती नाही.

पुढे काय शिल्लक आहे, हे वाचकाला किती कळावे हा प्रश्न मला या वर्षी सर्वांत जास्त गुंतवून गेला, कारण यंत्राने कागदापासून जी गोष्ट खरोखर काढून घेतली आहे ती हीच. उजव्या हाताखालची जाडी कमी होत जाते आणि वाचकाला न सांगता कळते की आता आवराआवर व्हायची वेळ आली. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’च्या अखेरच्या प्रकरणात निवेदिका हे चक्क बोलून दाखवते: नायक-नायिका अजून काळजीत असली तरी वाचकाला तशी काळजी नाही, कारण समोर उरलेली मोजकीच पाने पाहून त्याने ओळखलेले आहे की आपण सगळे मिळून सुखाच्या शेवटाकडे निघालो आहोत. १८१७ च्या अखेरीस, ऑस्टिनच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीतला हा विनोद ई-रीडरवर चालत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात टक्केवारी असते, पण माझ्या प्रतीत ऑस्टिनची कादंबरी नव्वदीच्या आतच संपली. उरलेले टक्के टिपा, लेखिकेचे चरित्र आणि प्रकाशकाच्या दुसऱ्या एका पुस्तकाचे पहिले प्रकरण यांनी खाल्ले होते. अजून बरेच बाकी आहे अशा समजुतीत पान उलटावे आणि समोर ‘टिपा’ हा शब्द यावा, हा अनुभव वर्षभरात इतक्या वेळा आला की आता कादंबरी सुरू करण्याआधी अनुक्रमणिकेत जाऊन खरा मजकूर कुठे संपतो ते मी पाहून ठेवतो.

याचा एक अनपेक्षित फायदाही झाला, हे मान्य केले पाहिजे. टॉलस्टॉयचीच ‘ॲना कॅरेनिना’ पूर्वी छापील प्रतीत वाचलेली होती. या वर्षी ती टक्केवारी लपवून पुन्हा वाचली. सातव्या भागाच्या अखेरीस रेल्वेस्थानकावर ॲना गाडीखाली जीव देते, हे सर्वश्रुत आहे. पण त्यानंतर आठवा भाग येतो, आणि तो ॲनाविषयी फारसा नाहीच. मूळ वाचकांपैकी अनेकांना तर तो लगेच मिळालाही नव्हता: १८७५ पासून ही कादंबरी ज्या नियतकालिकात क्रमशः येत होती, त्याचे संपादक कात्कोव्ह यांना सर्बियाच्या युद्धावर निघालेल्या स्वयंसेवकांबद्दलची टॉलस्टॉयची मते पटली नाहीत, त्यांनी शेवटचा भाग छापायला नकार दिला आणि टॉलस्टॉयने तो १८७७ साली स्वतंत्रपणे छापून घेतला. म्हणजे नियतकालिकाच्या वाचकांची कादंबरी सातव्या भागाशीच थांबली होती. कागदावर वाचताना उजव्या हाताखाली पाने शिल्लक दिसतात, त्यामुळे तो धक्का आपण नकळत थोडा बोथट करून घेतो. टक्केवारी लपवली आणि जाडीही नाही, तेव्हा मला त्या स्थानकावर कादंबरी संपल्यासारखीच वाटली आणि आठवा भाग सुरू झाल्यावर, कादंबरीतला दुसरा नायक लेव्हिन याच्या मधमाश्या आणि त्याच्या शंका वाचताना, आयुष्य निर्लज्जपणे पुढे चालू राहते ही गोष्ट पहिल्या वाचनापेक्षा फार अधिक बोचली. तेव्हा ज्या यंत्रांत टक्केवारी आणि ‘या प्रकरणाला अजून ११ मिनिटे’ ही सूचना दोन्ही बंद करता येतात, तीच घ्यावीत. मिनिटांची सूचना तर विशेष त्रासदायक आहे. ती आपल्या वाचनाचा वेग मोजून दिलेली असते आणि तिच्याशी शर्यत लावण्याचा मोह होतो. कादंबरी वाचणाऱ्याच्या मानेवर असा घड्याळजी बसवण्याचे कारण मला आजवर समजलेले नाही.

क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्या या यंत्रावर एकूणच खुलतात. जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ १८७१-७२ मध्ये ८ भागांत बाहेर आली. एक भाग वाचून मध्ये दुसरे काहीतरी वाचावे आणि मग पुढचा भाग उघडावा, असा क्रम मी ठेवला, आणि यंत्राने प्रत्येक वेळी नेमके सोडलेले पान काढून दिले. डोरोथियाची गोष्ट आणि लिडगेटची गोष्ट यांची वीण अशा अंतराने वाचताना अधिक नीट दिसते, कारण प्रत्येक भाग आपापल्या परीने पुरा व्हावा याची काळजी लेखिकेने घेतलेली आहे. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मधून क्रमशः आलेल्या कादंबऱ्यांचीही घडण अशीच, आठवडाभर वाचकाला धरून ठेवणारी आहे. अशा लेखनाला पुढच्या पानाशिवाय दुसरे काही नको असते.

आता ज्या कादंबऱ्यांनी यंत्राला उघडे पाडले त्यांच्याकडे वळतो. गार्सिया मार्केझ यांच्या १९६७ च्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’मध्ये बुएंदिया घराण्यातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या आर्कादिओ किंवा ऑरेलियानो याच नावांचे असतात; एकट्या कर्नल ऑरेलियानोला वेगवेगळ्या स्त्रियांपासून झालेले १७ मुलगे, तेही सगळे ऑरेलियानोच. म्हणूनच अनेक आवृत्त्यांत आरंभी वंशवृक्ष छापलेला असतो. कागदी पुस्तकात डाव्या हाताचे एक बोट त्या पानात खुपसलेले ठेवावे, की काम झाले. ई-रीडरवर आधी पडद्याच्या वरच्या भागाला स्पर्श करायचा, मग यादी उघडायची, मग खूण केलेले पान निवडायचे. तिथे दिसतो तो वंशवृक्षाचा राखाडी रंगातला मुंगीएवढ्या अक्षरांचा तुकडा, तो दोन बोटांनी मोठा करायचा, पडदा प्रत्येक हालचालीला अर्धा क्षण अडखळणार, आणि हे सगळे करून परतेपर्यंत ज्या वाक्यासाठी गेलो होतो त्याची लय तुटलेली. वाक्ये लांबलचक आणि सावकाश उलगडणारी असल्यामुळे हे तुटणे फार जाणवते. तिसऱ्या पिढीपाशी मी यंत्र बाजूला ठेवले आणि उरलेली कादंबरी कागदावर वाचली.

नाबोकोव्हच्या १९६२ च्या ‘पेल फायर’चा प्रकार याहून मजेदार आहे. त्यात ९९९ ओळींची एक कविता आहे आणि तिच्यावर किनबोट नावाच्या एका विक्षिप्त संपादकाची प्रदीर्घ भाष्यटीका. खरी कादंबरी आहे ती कविता आणि टीका यांच्यामधल्या फटीत. हा संपादक प्रस्तावनेतच वाचकाला सुचवतो की कवितेची पाने कापून वेगळी करा, नाहीतर सरळ दोन प्रती घेऊन त्या शेजारी शेजारी ठेवा. हे यंत्रावर होणार कसे? ओळीवरून टिपेकडे दुवा असतो, त्यावरून जाता येते, परतही येता येते, पण एका टिपेतून दुसऱ्या टिपेकडे आणि तिथून आणखी तिसऱ्या ओळीकडे गेल्यावर ‘मागे’ हे बटण आपल्याला नेमके कुठे नेईल याचा भरवसा उरत नाही. शेवटी मी ई-रीडरवर टीका उघडी ठेवली आणि त्याच खात्यातली तीच प्रत फोनवर उघडून तिथे कविता ठेवली. किनबोटचा सल्ला इतक्या स्वस्तात पाळता येईल असे नाबोकोव्हला वाटले नसेल. पण दोन पडदे लागले, म्हणजे एकट्या यंत्राला ते जमले नाही, हे खरेच.

हुलिओ कोर्तासार यांची ‘हॉपस्कॉच’ (१९६३) मात्र या नियमाला अपवाद ठरते, आणि तिने मला चांगलेच चकित केले. तिची प्रकरणे १५५. सरळ वाचणाऱ्याने ५६ व्या प्रकरणाशी थांबावे, नाहीतर लेखकाने दिलेल्या तक्त्याप्रमाणे ७३ व्या प्रकरणापासून सुरुवात करून उड्या मारत जावे, अशी मुभा आरंभीच दिलेली आहे, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पुढच्या प्रकरणाचा आकडा आहे. कागदावर त्या आकड्यासाठी पाने चाळावी लागतात. त्या आकड्याला दुवा जोडलेला असला की एका स्पर्शात पुढचे प्रकरण समोर येते. टक्केवारी मात्र वेड्यासारखी नाचते, चाळिसावरून ऐंशीवर, तिथून पाचावर, आणि अखेरीस ५८ आणि १३१ ही प्रकरणे एकमेकांकडे बोट दाखवत राहतात तेव्हा कादंबरी कुठे संपली हे यंत्रालाही सांगता येत नाही. ऑस्टिनच्या वेळी मला ज्याची चीड आली होती, त्याच टक्केवारीची अशी त्रेधा पाहताना इथे निखळ आनंद झाला. कादंबरी म्हणून मात्र पॅरिसमधले तरुण जॅझ ऐकत करतात त्या चर्चा मला जागोजागी लांबलेल्या वाटल्या.

लॉरेन्स स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’बद्दल एवढेच सांगतो की ती यंत्रावर वाचू नये. १७५९ ते १७६७ या काळात ९ खंडांत आलेल्या या कादंबरीत एक पान शोकाचे म्हणून संपूर्ण काळे आहे, एक कोरे आहे, ते वाचकाने विधवा वॉडमनचे चित्र स्वतःच काढावे म्हणून, आणि तिसऱ्या खंडात अबरी, म्हणजे रंगांच्या लहरी उमटवलेल्या, कागदाचे एक पान आहे, जे पहिल्या आवृत्तीत हाताने रंगवलेले असल्यामुळे कोणत्याही दोन प्रतींत सारखे नव्हते. सोळा राखाडी छटांत अबरीचे जे होते ते पाहवत नाही. कोरे पान आल्यावर तर यंत्र अडकले समजून मी दोनदा पुढे ढकलले.

मराठी वाचकाने यंत्र घेण्यापूर्वी देवनागरीचा अनुभव स्वतः घेऊन पाहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. अक्षरे ठळक आणि रेखीव दिसतात, जोडाक्षरे पूर्वीसारखी फुटत नाहीत, हे आता बहुतेक यंत्रांबाबत म्हणता येते. अडचण असते ती पुस्तकाच्या फाइलीत. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत जुळवलेला मजकूर यंत्राकरवी बदलून घेताना जे घोटाळे होतात, ते मुद्रितशोधनावाचून तसेच पुढे जातात. त्यांतला सर्वांत जास्त सापडणारा घोटाळा ‘ऱ्य’चा. अर्ध्या ‘र’च्या जागी रफार येतो, आणि मग एका ग्रामीण कादंबरीत डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या झालेला मी पाहिला; त्या दर्यात उतरून गुरे चारणारा नायक पुढे बराच वेळ डोळ्यांसमोरून हलेना. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हवे असतील, तर पुस्तकाच्या फाइलीत भाषा मराठी अशी नोंदलेली असावी लागते. मग फॉन्टात सोय असेल तर ती वळणे आपोआप येतात. नोंद हिंदीची असेल, किंवा नसेलच, तर हिंदी वळणाची अक्षरे दिसतात. वाचण्यात त्याने अडथळा येत नाही, पण लहानपणापासून सवय झालेल्या डोळ्याला पान परके वाटत राहते.

शब्दांच्या लांबीचीही एक तक्रार आहे. मराठीत शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, त्यामुळे ‘परिस्थितीमुळेसुद्धा’सारखा शब्द सहा इंची पडद्यावर अर्धी ओळ व्यापतो; तो मावला नाही की अख्खा खालच्या ओळीत जातो, कारण मराठी शब्द योग्य जागी तोडण्याची सोय सहसा नसते, आणि दोन्ही कडा सरळ ठेवण्याच्या हट्टापायी वरच्या ओळीत शब्दाशब्दांमध्ये बोटभर भेगा पडतात. उपाय सोपा आहे: ओळी फक्त डावीकडे सरळ ठेवाव्यात आणि अक्षर एक पायरी लहान करावे. शब्दकोशाचे दुखणे याच जातीचे आहे. शब्दावर बोट दाबून धरले की अर्थ दिसतो, ही इंग्रजी कादंबरी वाचताना अतिशय उपयोगी पडणारी सोय. पण माझ्या यंत्रावरच्या मराठी कोशाला ‘ओसरी’ समजते आणि ‘ओसरीवरच्या’ समजत नाही. मूळ शब्द सामान्यरूपातून सोडवून घेण्याचे काम वाचकालाच करावे लागते. आणि जुन्या मराठी कथा-कादंबऱ्यांच्या ज्या फुकट प्रती सापडतात, त्यांतल्या पुष्कळशा छापील पानांची छायाचित्रे असतात. त्यांत अक्षर मोठे करता येत नाही, पानच मोठे करावे लागते, आणि मग प्रत्येक ओळीसाठी ते डावीउजवीकडे सरकवत बसावे लागते. सहा इंची पडद्यावर हा उद्योग करू नये.

कथासंग्रहांत वेगळीच अडचण आली. कथा वाचायला घेण्याआधी आपण दोन पाने पुढे चाळून ती किती लांब आहे ते पाहतो आणि आत्ता घ्यायची की नंतर ते ठरवतो. यंत्रावर हे सहजी कळत नाही. चेकॉव्हची चार पानांची कथा आणि साठ पानांची दीर्घकथा अनुक्रमणिकेत सारख्याच दिसतात.

खुणा आणि टिपणे यांची सोय सुरेख आहे, जरा जास्तच सुरेख. बोट फिरवले की ओळ उमटते आणि वर्षाअखेरीस सगळ्या ओळी एकत्र वाचायला मिळतात. त्या वाचून पाहिल्या तेव्हा असे दिसले की निवडलेल्या बहुतेक ओळी सुभाषितासारख्या आहेत आणि ज्या प्रसंगांनी मला त्या त्या वेळी हलवले होते, त्यांतला जवळजवळ एकही त्या यादीत नाही. ‘वॉर अँड पीस’मधल्या नताशाचे पहिले नृत्य किंवा ‘मिडलमार्च’मधल्या डोरोथियाची खिडकीपाशी उजाडलेली ती पहाट एखाद्या ओळीत मावत नाही. इतर वाचकांनी कोणत्या ओळींवर खुणा केल्या हे दाखवणारी सोय असेल, तर ती पहिल्याच दिवशी बंद करावी. दुसऱ्याने तुटक रेघ मारून ठेवलेले वाक्य आपल्याला स्वतःला कसे वाटते, हे मग कधीच कळत नाही.

ई-पुस्तक विकत घेणे याचा अर्थ बहुतेक ठिकाणी वाचण्याचा परवाना घेणे असा असतो, हेही समजून असावे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ यांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून, म्हणजे कंपनीच्याच ई-रीडरवरून, परस्पर काढून घेतल्या होत्या, कारण त्या विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत केले आणि नंतर कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफीही मागितली. कोणत्या पुस्तकांवर ही वेळ यावी हा योगायोग तर कादंबरीत शोभण्यासारखाच. त्यामुळे कुलूप न घातलेली ईपब (ई-पुस्तकांसाठीचा एक खुला प्रकार) फाइल जिथे मिळते तिथून पुस्तक घ्यावे आणि तिची एक प्रत संगणकावर ठेवावी, अशी माझी रीत आहे. वाचून झालेली कादंबरी दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, ही उणीव मात्र कशानेही भरून निघत नाही. या वर्षी ‘मिडलमार्च’ वाच म्हणून मी ज्यांच्या मागे लागलो, त्यांतल्या कोणालाही माझी प्रत देता आली नाही.

घ्यायचेच असेल, तर निव्वळ कादंबऱ्यांसाठी सहा किंवा सात इंचांचे यंत्र पुरे. दहा इंची पडदा छायाचित्रित पानांसाठी ठीक, पण तो एका हातात राहत नाही आणि मग मूळ फायदाच जातो. पान उलटायला कडेला खरी बटणे असलेले यंत्र मिळाले तर तेच घ्यावे, कारण स्पर्शाने पान उलटताना अंगठा चुकून शब्दावर टेकतो आणि वाक्याच्या मध्येच शब्दकोश उघडतो. दिव्याचा रंग पिवळसर करता येत असावा. पडदा वरून टणक दिसला तरी आतून नाजूक असतो, तेव्हा कव्हर यंत्राबरोबरच घ्यावे. आणि दुकानात किंवा कुणाचे तरी हाती घेऊन पाहता आले, तर इंग्रजीतल्या नमुन्याच्या पानावर न जाता एखाद्या मराठी कादंबरीचे प्रकरण उघडून ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’ हे शब्द कसे दिसतात ते आधी पाहावे.